पंख्यांसाठी केलेला संप

सोलापूरचा उन्हाळा बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. होळी झाली की रस्त्याचं डांबर मऊ व्हायला लागतं आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. त्या उन्हात, पत्र्याच्या शेडखाली, आम्ही बायका पांढरे टॉवेल तपासायचो, घड्या घालायचो, पिशव्यांत भरायचो. डोक्यावरचे पंखे बंद असायचे. बिघडलेले नव्हते, बंद ठेवलेले होते.

टॉवेलाचा बारीक कापूस हवेत उडतो. शेजारी रंगीत माल चालू असला की त्याचे तंतू उडून पांढऱ्यावर बसतात. हा माल परदेशातल्या हॉटेलांना जायचा. एका टॉवेलावर निळा तंतू दिसला तरी सगळी पेटी परत येते, असं सुपरवायझर सांगायचा. म्हणून पांढरा माल असला की पंखे बंद. आणि आमच्याकडे बहुतेक वेळा पांढराच माल असायचा.

मी पॅकिंगला होते. माझं माहेर दुधनी, सासर सोलापुरात शुक्रवार पेठेत. घरात कन्नड, गल्लीत मराठी. बी.ए. झाले होते, पण त्या पदवीवर मला कुठे काम मिळालं नाही. नवऱ्याचं छोटं किराणा दुकान होतं, त्यात सगळ्यांचं भागत नव्हतं, म्हणून मी एमआयडीसीतल्या या कारखान्यात लागले. कारखान्याचं नाव मी लिहिणार नाही, माणसांचीही लिहिणार नाही. आमच्यातल्या काही बायका अजून तिथेच कामाला जातात.

माझ्या टेबलामागे शिलाईच्या मशीनवर जी बाई बसायची, तिला सगळे अक्का म्हणत. तेलुगू बोलणारं विणकराचं घर, राहायला कुंभारीच्या विडी कामगारांच्या घरकुलात. तिची आई जन्मभर विड्या वळत होती आणि अक्काही लहानपणापासून आईच्या शेजारी बसून वळायची. कारखान्यात मशीनवर काम मिळालं त्या दिवशी तिनं विड्यांचं सूप घराबाहेर ठेवलं ते परत आत घेतलं नाही, असं ती हसत सांगायची. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. मला ती चेल्ली म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण.

त्या उन्हाळ्यात आमच्या टेबलावर दक्षिण सोलापूरच्या एका खेड्यातली नवी सून कामाला आली होती. अंगानं किरकोळ, बोलणं कमी. एका दुपारी ती घडी घालता घालता खाली गेली. जाताना कपाळ टेबलाच्या लोखंडी कोपऱ्यावर आपटलं आणि रक्त आलं. सुपरवायझर धावत आला. त्यानं आधी टेबलावरचे टॉवेल बाजूला ओढले, डाग पडू नये म्हणून. मग खाली वाकला.

अक्कानं ते पाहिलं. ती मशीनवरून उठली, भिंतीपाशी गेली आणि बोर्डावरची सगळी बटणं खाली दाबली. शेडमधले सगळे पंखे एकदम फिरायला लागले. पात्यांवर साठलेली धूळ आणि कापूस गोळ्यागोळ्यांनी खाली पडायला लागला, आमच्या डोक्यावर, टेबलांवर, त्या दिवशीच्या सगळ्या पांढऱ्या मालावर.

"अक्का, बंद कर! माल गेला सगळा!" सुपरवायझर ओरडला.

"पोरगी शुद्धीवर येऊ दे की. मग बंद कर तू."

ती बटणांसमोर उभी राहिली, हलली नाही. मी त्या पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. गार वारा लागला तेव्हा मला रडू आलं, कशाचं ते कळलं नाही. पोरगी शुद्धीवर आली, तिला रिक्षात घालून सिव्हिलला नेलं. ती परत कामाला आली नाही.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं अक्काला केबिनमध्ये बोलावलं. आम्ही काही ठरवलं नव्हतं, पण ती निघाली तशा तिच्यामागे आम्हीही उठलो. केबिनच्या दारात बायकांची गर्दी झाली. मॅनेजर वाईट माणूस नव्हता. दिवाळीला आमच्या पोरांना तो स्वतः मिठाई वाटायचा. तो हसला आणि म्हणाला, "अगं, एवढ्या सगळ्या कशाला? ज्याची अडचण त्यानं एकट्यानं येऊन सांगावी. मी तुमच्या भावासारखा. भावाकडे कुणी मोर्चा घेऊन येतं का?"

"भावाच्या घरात पंखा असतो की साहेब," अक्का म्हणाली.

आम्ही हसलो. तोही हसला. निदान निम्मे पंखे चालू ठेवा, शेडमध्ये गार पाण्याचा माठ ठेवा आणि भर दुपारी थोडी सुट्टी द्या, एवढंच आमचं म्हणणं होतं. बघतो, म्हणाला. माठ आला. पंखे बंदच राहिले.

कारखान्यात आत शिरताना, बोट लावून हजेरी घ्यायच्या मशीनजवळ एक फलक होता. परदेशातल्या खरेदीदारानं लावायला सांगितलेला, इंग्रजीतून जसाच्या तसा मराठीत उतरवलेला. रोज त्याच्यासमोर रांगेत उभ्या राहत असूनही आम्ही तो वाचला नव्हता. त्या आठवड्यात अक्कानं मला तो मोठ्यानं वाचायला लावला. त्यात होतं की बालकामगार ठेवले जाणार नाहीत, कुणाला जबरदस्तीनं राबवलं जाणार नाही, आणि कामगारांना आपल्या पसंतीची संघटना करण्याचं व सामूहिक वाटाघाटी करण्याचं स्वातंत्र्य आहे.

"हे कुणासाठी लावलंय?" तिनं विचारलं.

"आपल्यासाठीच."

"मग आपल्याला कुणी सांगितलं का न्हाय?"

तिच्याच ओळखीनं आम्ही एका वकिलाकडे गेलो. कोर्टाजवळच्या बोळात जिन्याखाली त्यांची खोली होती. वय झालेलं, दम लागायचा. सोलापूरच्या गिरण्या बंद पडताना पाहिलेला माणूस. तेव्हाही ते कामगारांच्या बाजूनं उभे होते आणि तेव्हाही हरले होते, हे त्यांनी आम्हाला पहिल्याच भेटीत सांगून टाकलं.

मी फलकावरचं वाक्य त्यांना म्हणून दाखवलं. त्यांनी ते एका कागदावर उतरवून घेतलं.

"वाक्य खरं आहे," ते म्हणाले. "ते या मालकाचंही नाही आणि त्या परदेशी कंपनीचंही नाही. जिनिव्हात जगभरच्या सरकारांची, मालकांची आणि कामगारांची मिळून एक संस्था आहे. तिचे करार आहेत. त्यातले दोन सगळ्यात महत्त्वाचे. एक संघटना करायचा, दुसरा वाटाघाटीचा. हे दोन जिथे आहेत तिथे संपाचा हक्क आलाच, असं तिथल्या जाणकारांनी वर्षानुवर्षं सांगितलंय. आता मालकांची बाजू म्हणते, करारात संप हा शब्दच कुठे आहे? तो वाद थेट जगाच्या कोर्टापर्यंत गेलाय."

"आपल्या देशानं सही केलीय की त्यावर?" मी विचारलं.

"त्या दोन्हींवर नाही केलेली. बाकी बऱ्याच करारांवर आहे. पण त्या संस्थेचा सभासद आहे म्हणजे तत्त्व पाळायला आपला देश बांधील आहे. हे मी कोर्टात म्हणू शकतो, म्हणतोही. न्यायाधीश मान हलवतात."

अक्का म्हणाली, "म्हणजे हक्क हाय का न्हाय, एवढं सांगा की."

"आहे," ते म्हणाले. "संघटना करा. तेवढं तर आपला कायदाही देतो. पुढचं अवघड आहे, आणि ते मी तुमच्यापासून लपवणार नाही."

आमच्या बैठका शुक्रवार पेठेत माझ्या घरी होऊ लागल्या. पुढची खोली लहान, बायका उंबऱ्यापर्यंत बसायच्या. सासूबाई चहा करून द्यायच्या आणि स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत उभ्या राहायच्या. सगळ्या गेल्यावर त्यांनी मला एकदाच विचारलं, "एन् आगतद?" काय होणार यानं? मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, चहा मात्र शेवटपर्यंत केला. नवऱ्याला दुकानात लोक छेडायचे, "तुमच्या मंडळी पुढारी झाल्या म्हणं की." तो हसण्यावारी न्यायचा. रात्री जेवताना फार बोलायचा नाही.

संघटनेच्या नोंदणीचा अर्ज आम्ही पाठवला. अध्यक्ष अक्का, चिटणीस मी. तो अर्ज गेल्याचं कारखान्यात कसं कळलं, हे आम्हाला आजवर समजलेलं नाही. पण त्यानंतर लगेचच एका सकाळी अक्काचं बोट हजेरीच्या मशीनवर लागेना. तिनं पदराला पुसून पुन्हा लावलं. लाल दिवा. वॉचमन आमच्या रोजच्या ओळखीचा, तो खाली बघत म्हणाला, "अक्का, तुमचं लागायचं न्हाय. वरनं काढलंय. मला बोलू नका."

तिच्यावर ठपका होता निर्यातीचा माल जाणूनबुजून खराब केल्याचा. पंखे लावल्याचा.

वकीलसाहेब म्हणाले, ती पोरगी कशी पडली ते तिनं स्वतः सांगितलं तर अक्काची बाजू भक्कम होईल. म्हणून मी आणि अक्का तिच्या गावी गेलो. एसटी फाट्यावर सोडते, तिथून चालत. सासरा अंगणात बसला होता. त्यानं आम्हाला बसायला घोंगडं टाकलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"बाई, तुमी पोरीला दवाखान्यात न्हेलं, लई उपकार झाले," तो म्हणाला. "पर साक्षीबिक्षीचं न्हाय जमायचं. माझा धाकला पोरगा बी एमआयडीसीतच हाय. तितं एकाचं दुसऱ्याला कळतंय."

पोरगी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. कपाळावर टाक्यांची खूण दिसत होती. अक्कानं तिला विचारलं, "डोकं दुकतं का गं अजून?" तिनं मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. आम्ही उठलो. परतीच्या वाटेवर अक्का एवढंच म्हणाली, "त्याचं बी बरोबर हाय की." मला तो माणूस खलनायक असता तर बरं वाटलं असतं.

मग आम्ही संपाची नोटीस दिली. अक्काला परत घ्या, पंखे चालू करा, संघटनेशी बोला. नव्या कायद्यात नोटीस दिल्याशिवाय संप करता येत नाही, आणि नोटीस दिल्यावर सरकारी अधिकाऱ्यानं दोन्ही बाजूंची बैठक लावली की ती बोलणी संपेपर्यंतही संप करता येत नाही. हे मला वकीलसाहेबांनी दोनदा समजावून सांगितलं, कारण पहिल्यांदा माझा विश्वासच बसला नाही.

"म्हणजे बोलणी लांबवली की झालं?" मी म्हटलं.

"हो," ते म्हणाले. "झालं."

तसंच झालं. अधिकाऱ्यानं बैठक लावली. आम्ही चांगली लुगडी नेसून, वेळेच्या आधी जाऊन बाकावर बसलो. कंपनीकडून कुणी आलं नाही. पुढची तारीख. त्या तारखेला कंपनीचा वकील आला आणि त्यानं अभ्यासाला वेळ मागितला. पुढची तारीख. त्यानंतर कंपनीचे साहेब मीटिंगला मुंबईला. तो अधिकारी तरुण होता, आमच्याशी नीट बोलायचा, पंखा आमच्याकडे वळवायचा. एकदा अक्कानं त्याला विचारलंच, "साहेब, त्यांना आणायचं कुणी?"

"मावशी, मी बोलावू शकतो," तो म्हणाला. "आणू शकत नाही."

इकडे कारखान्यात एकेकीचं बोट लागायचं बंद होत होतं. कुणाला कामात चुका काढून, कुणाला ठेकेदाराकडची म्हणून. एके दिवशी माझंही लागलं नाही. आतल्या बायका घाबरल्या होत्या, पण चिडल्याही होत्या. शेवटी शुक्रवार पेठेतल्या त्या खोलीत सगळ्या जमल्या आणि म्हणाल्या की आता थांबायचं नाही. वकीलसाहेबांना आम्ही फोन लावला. ते म्हणाले, "संप बेकायदा ठरेल. हे सांगणं माझं काम आहे." मग म्हणाले, "मी सकाळी येतो."

गेटासमोर रस्त्यापलीकडे एक कडुनिंब होता, त्याच्या सावलीत आम्ही बसलो. पहिल्या दिवशी शेड जवळजवळ रिकामी होती. मशीनचा आवाज बंद. इतकी वर्षं त्या आवाजात काढलेली, त्यामुळे ती शांतता कानाला विचित्र वाटत होती. बायकांनी भाकरी, शेंगाचटणी, कुणी झुणका आणला होता. अक्कानं तेलुगूत काहीतरी म्हटलं आणि तेलुगूवाल्या सगळ्या खो खो हसल्या. एकीनं मला सांगितलं, अक्का म्हणतेय, पहिल्यांदाच या कारखान्याचा वारा खाते आहे. खरंच वारा होता त्या झाडाखाली. माझ्या आयुष्यातला तो एक चांगला दिवस म्हणून मी तो जपून ठेवलाय.

नंतर बस येऊ लागली. अक्कलकोटच्या बाजूच्या खेड्यांतून पोरी भरून आणायची आणि थेट गेटातून आत न्यायची. एका सकाळी गेट उघडायला उशीर झाला तशी बस आमच्यासमोर थांबली. मी खिडकीपाशी गेले आणि कन्नडमध्ये बोलायला लागले. आमच्या बायकांना का काढलं, आम्ही काय मागतोय, तुम्ही आत गेलात तर आमचं काय होईल. पोरी तोंडाला ओढणी बांधून सरळ समोर बघत होत्या. खिडकीतल्या एकीनं मात्र ओढणी खाली केली.

"अक्का, तुम्ही दुधनीच्या ना?" ती कन्नडमध्ये मला म्हणाली; कन्नडमध्येही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात. "तुमच्या आईच्या गल्लीच्या मागं आमचं घर."

मी तिच्या आईला ओळखत होते. लहानपणी त्यांच्या अंगणात खेळले होते.

"मला शिव्या देऊ नका," ती म्हणाली. "गावात काहीच काम नाही. माझं लग्न मोडलंय. घरी बसले तर भाऊ बोलतो."

"शिव्या नाही देत गं. आत पंखे नाहीत, एवढं सांगते. चक्कर आली तर खाली बस, टेबलाचा कोपरा सांभाळ."

गेट उघडलं. ती मान खाली घालून बसली आणि बस आत गेली. मी परत झाडाखाली आले तेव्हा अक्कानं विचारलं, "काय म्हणाली?" मी म्हटलं, "माहेरची निघाली." अक्कानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मला शेजारी बसवलं.

कंपनीनं कोर्टातून आदेश आणला. संप बेकायदा, आणि गेटाच्या आसपास जमायचं नाही. पोलीस आले, नीट बोलले, आदेश वाचून दाखवला. आम्हाला झाड सोडून लांबच्या मोकळ्या माळावर जावं लागलं. तिथे सावली नव्हती. आम्ही एक जुनी चादर चार काठ्यांना बांधली, ती दुपारच्या वावटळीत उडून गेली, पुन्हा बांधली. बायका कमी व्हायला लागल्या. कुणाचं मूल आजारी, कुणाचा नवरा चिडलेला. कुणी न सांगता यायची थांबली.

फलकावर खाली, तक्रार कळवायला त्या परदेशी खरेदीदाराचा एक पत्ता होता, ईमेलचा. माझं इंग्रजी कॉलेजपुरतं. तरी मी शब्दकोश घेऊन बसले आणि सगळं लिहिलं. पंखे, पडलेली पोरगी, अक्काचं बोट, फलकावरचं त्यांचंच वाक्य. वकीलसाहेबांनी वाचलं, जिनिव्हाच्या करारांचा उल्लेख घातला आणि पाठवलं. उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं. पण आलं. आम्ही हे फार गंभीरपणे घेतो, तपासणीसाठी माणूस पाठवत आहोत. त्या दिवशी माळावर पेढे वाटले गेले. अक्का म्हणाली, "बघितलं का चेल्ली? लिहिलेलं कुटंतरी पोचतंय."

तपासणीला आली ती बंगळूरची एक तरुण मुलगी होती. कुठल्यातरी तपासणी कंपनीत नोकरीला. ती दिवसभर आत होती. त्या दिवशी सगळे पंखे फिरत होते, हे आतल्या बायकांनी नंतर सांगितलं. ज्या बायकांशी ती बोलणार होती त्यांना आदल्या दिवशीच काय बोलायचं ते सांगून ठेवलेलं. संध्याकाळी ती गाडी थांबवून आमच्या माळावर उतरली. तिला बहुधा तसं करायची गरज नव्हती. मी कन्नड बोलतेय म्हटल्यावर तिचा चेहरा सैल झाला. ती आमच्यात खाली बसली, आमच्या डब्यातला ठेचा खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं तरी खाल्ला.

सगळं ऐकून घेतल्यावर ती मला म्हणाली, "अक्का, मला तुमचं पटतं. पण माझ्याकडे ठरलेले प्रश्न असतात. संघटनेला मनाई करणारा काही लेखी नियम आहे का? नाही. संघटना नोंदलेली आहे का? अजून नाही. तुम्हाला काढलं ते संघटनेसाठी काढलं याचा पुरावा? त्यांच्या कागदावर दुसरंच कारण आहे."

"मग तू काय लिहिणार?" मी विचारलं.

"पाहिलं ते लिहीन. वर गेल्यावर ते किती राहील, ते माझ्या हातात नाही."

तिनं खरंच लिहिलं असेल असं मी मानते. पुढे अहवालाचा जो भाग आम्हाला कळवण्यात आला, त्यात एक सुधारणा सुचवलेली होती. कारखान्यातले बरेच कामगार तेलुगू आणि कन्नड बोलतात, तेव्हा हक्कांचा फलक त्याही भाषांत लावावा. महिन्याभरात तो लागला. तीन भाषांत, रंगीत, आधीपेक्षा मोठा.

अक्काला मी ते सांगितलं तेव्हा ती हसली नाही. हसेल असं वाटलं होतं. तिनं फक्त विचारलं, "तेलुगू तरी नीट लिहिलंय का?"

त्यानंतर संप संपला असं कुणी जाहीर केलं नाही. तो विरत गेला. कंपनीनं निरोप पाठवला की ज्यांना यायचं त्यांनी स्टॅम्पपेपरवर सही करून यावं: मी कुठल्याही संघटनेची सभासद नाही, होणार नाही. वकीलसाहेबांनी तो कागद पाहिला आणि चष्मा काढून डोळे चोळले. "असला कागद लिहून घेणं हेच बेकायदा आहे," ते म्हणाले. "पण जिच्या घरी चूल थंड आहे, तिला मी कुठल्या तोंडानं सांगू, सही करू नको म्हणून?"

बायका अक्काकडे कुंभारीला गेल्या. मीही होते. त्या खाली बसल्या, पदराशी चाळा करत राहिल्या. शेवटी अक्काच म्हणाली, "सही करायला आलाय ना विचारायला? करा. मी रागवायची न्हाय. माझं घर बी तुमच्यासारखंच हाय, मला कळतंय." एक म्हातारी तिच्या पाया पडायला वाकली तेव्हा मात्र अक्का रागावली. "मी काय मेले व्हय?" म्हणाली. त्या गेल्यावर ती आतल्या खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

मला आणि अक्काला सहीचा कागद आलाच नाही. आम्हाला परत घ्यायचं नव्हतं. संघटनेच्या नोंदणीत त्रुटी निघाली, ती दुरुस्त करून पाठवली, मग दुसरी निघाली. तोवर सभासदच उरले नव्हते. एमआयडीसीत मी आणखी काही ठिकाणी काम मागितलं. सगळीकडे आधी हो म्हणायचे, आधार कार्डावरचं नाव पाहिलं की उद्या फोन करतो म्हणायचे. आता मी नवऱ्याच्या दुकानात बसते. अक्का पुन्हा विड्या वळते. मी पहिल्यांदा तिच्याकडे गेले तेव्हा ती मांडीवर सूप घेऊन दारात बसली होती. बोटं भराभर चालत होती. मला बघून तिनं सूप बाजूला सारलं नाही, मीही तिकडे बघितलं नाही असं दाखवलं.

आमची केस कामगार न्यायालयात चालू आहे. वकीलसाहेबांना कोर्टाचा जिना चढवत नाही, म्हणून त्यांच्या हाताखालचे वकील येतात. गेल्या तारखेला आम्ही गेलो तर न्यायाधीशांची बदली झालेली होती, नवे अजून आलेले नव्हते. शिपायानं पुढची तारीख दिली. आम्ही बाहेर गाड्यावर चहा घेतला. ऊन तापायला लागलं होतं.

अक्काची मुलगी यंदा बारावी झाली आणि युनिफॉर्म शिवणाऱ्या एका कारखान्यात लागली, असं अक्का म्हणाली. मी म्हटलं, बरं झालं.

"तितं आईचं नाव विचारलं," अक्का म्हणाली. "तिनं तिच्या मावशीचं सांगितलं. माझं सांगितलं न्हाय."

ती माझ्याकडे बघत नव्हती, रस्त्याकडे बघत होती.

"तूच सांगितलंस का तिला तसं?"

"न्हाय गं. तिची तीच." तिनं चहाचा कप गाड्यावर ठेवला. "घरी येऊन मला सांगितलं अन् रडायला लागली. मी म्हणलं, रडतीस कशाला, बरोबर केलंस. शाणी हायेस."

कुंभारीची रिक्षा भरत आली होती. रिक्षावाला हाका मारत होता. अक्का पदर सावरत उठली, आत जागा करून बसली, आणि रिक्षा सुटेपर्यंत आम्ही दोघी पुढच्या तारखेला कुठे भेटायचं याबद्दलच बोलत राहिलो.